पहिला सीव्ही करताय? "अनुभव निल" लिहायच्या आधी हे वाचा

कॉलेज संपलंय किंवा संपत आलंय, आणि कुठल्यातरी जाहिरातीत "सीव्ही पाठवा" असं वाचलं, की बहुतेक पोरं-पोरी दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर मित्राचा सीव्ही मागवून त्यात नाव बदलतात, नाहीतर कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन बसतात आणि तो त्याच्याकडच्या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये दहा मिनिटांत करून देतो. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कंपनीत ॲडमिन-एचआरचं काम बघते, भरती निघाली की हे सगळे सीव्ही माझ्याच टेबलवर येऊन पडतात, त्यामुळे झेरॉक्सवाल्याचा फॉरमॅट मी लांबूनच ओळखते. वर मधोमध ठळक अक्षरात "करिक्युलम व्हिटे", मग "चॅलेंजिंग वातावरणात काम करून स्वतःची आणि संस्थेची प्रगती साधणे" छापाचं ऑब्जेक्टिव्ह, मग दहावी-बारावीचा टेबल, हॉबीमध्ये क्रिकेट आणि संगीत ऐकणे, आणि सगळ्यात खाली डिक्लरेशन. कधीकधी डिक्लरेशनखालचं ठिकाण आधीच्या गिऱ्हाइकाचंच राहिलेलं असतं. मुलगा सिन्नरचा आणि ठिकाण मनमाड.

हे सगळं एकवेळ चालवून घेते मी, फ्रेशरचा सीव्ही आहे. मला खटकते ती एक्सपिरियन्सच्या पुढची ओळ. तिथे "निल" असतं, किंवा नुसती आडवी रेघ. आणि तोच मुलगा इंटरव्ह्यूला समोर बसला आणि सहज विचारलं की कॉलेज सकाळचं होतं तर दुपारी काय करायचास, तर कळतं की काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचा, गल्ला सांभाळायचा, उधारीची वही पण त्याच्याकडेच. मग हे लिहिलं का नाही? "ते काय मॅडम, घरचंच काम आहे ते." पगार मिळाला नाही म्हणजे ते कामच नाही असं डोक्यात इतकं पक्कं बसलंय ना, की पोरं स्वतःच स्वतःची पाटी कोरी करून आणतात. आणि फोन कुणाला करायचा हे त्या कोऱ्या पाटीवरूनच ठरतं, कारण सीव्ही वाचणाऱ्याला तुमचं बाकी काहीच माहीत नसतं. म्हणून खाली मी फॉरमॅटपेक्षा या एका ओळीवरच जास्त बोलणार आहे, फॉरमॅटचं काय, तो अर्ध्या तासात होतो.

आधी वही घ्या

कॉम्प्युटर उघडू नका. वही घ्या आणि गेल्या चार-पाच वर्षांत जे जे हाताखालून गेलं ते सगळं लिहा, चांगलं-वाईट, पगारी-बिनपगारी काही बघू नका. दुकान, शेत, डेअरी, क्लास, मंडळ, कॉलेजचं गॅदरिंग, एनएसएस, कुणाचे फॉर्म भरून दिले ते, सगळं. मग प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहायच्या: नेमकं काय करायचो, किती आणि किती वेळा, आणि मी एक दिवस नसतो तर काय अडलं असतं. हा तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे.

आमच्या शेजारच्या काकूंचा भाचा, संगमनेर तालुक्यातला, बी.कॉम. झालेला, स्टोअर असिस्टंटच्या जागेसाठी सीव्ही दाखवायला आला होता. अनुभव अर्थातच निल. त्याच्याशी झालेलं बोलणं जवळपास जसंच्या तसं देते, कारण वहीत काय लिहायचं ते यातून लगेच कळेल.

"ताई, खरंच काही केलं नाही मी. तीन वर्षं नुसतं कॉलेज."

"सकाळी काय करायचास?"

"सकाळी डेअरीवर असायचो."

"म्हणजे काय करायचास तिथे?"

"काही नाही ओ, दूध मापून घ्यायचं, फॅट काढायची."

"कशावर?"

"मशीन आहे ना. सॅम्पल लावलं की फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) येतं, ते कॉम्प्युटरला जोडलेलं असतं, पावती निघते."

"दूध घालायला माणसं किती?"

"असतील शंभर-सव्वाशे सभासद."

"आणि पेमेंट कोण काढतं?"

"दर दहा दिवसांनी असतं. कुणी पशुखाद्य उचललेलं असतं, कुणी ॲडव्हान्स, ते कापून यादी मीच काढायचो. सेक्रेटरींना कॉम्प्युटर जमत नाही."

"फॅट कमी लागली म्हणून भांडणं?"

"रोजची!" आणि हसायला लागला.

आता बघा, हा मुलगा तीन वर्षं रोज पहाटे उठून माल मोजून घेतोय, नोंद करतोय, हिशोब जुळवतोय, चिडलेल्या माणसाला शांत करतोय, आणि स्टोअर असिस्टंटचं काम याच्यापेक्षा वेगळं काय असतं? त्याच्या सीव्हीत शेवटी हे गेलं: गावाचं नाव, दूध संकलन केंद्र, सकाळची पाळी, जून २०२२ ते एप्रिल २०२५. त्याखाली तीन ओळी. रोज साधारण १२० सभासदांच्या दुधाचं माप, फॅट आणि एसएनएफची कॉम्प्युटरवर नोंद. दर १० दिवसांच्या बिलातून पशुखाद्य आणि ॲडव्हान्सची वजावट करून पेमेंट यादी. तक्रार आल्यास सॅम्पल परत तपासून सभासदाला दाखवणे. बस. कुठलाही मोठा शब्द नाही.

मोठ्या शब्दांवरून आठवलं, त्याच्या एका मित्राने त्याला सुचवलं होतं की "डेअरी ऑपरेशन्स मॅनेजर" लिही. अजिबात नाही. असं लिहिलं की समोरच्याचा पहिला प्रश्नच "हाताखाली किती माणसं होती" असा येतो आणि तिथून पुढचा सगळा इंटरव्ह्यू सारवासारव करण्यात जातो. जे होतं तेच लिहायचं, आकडा नक्की माहीत नसेल तर "साधारण" लिहायचं, घरचं दुकान असेल तर घरचं दुकान असंच लिहायचं, त्यात लाज कसली.

असंच बाकीच्यांचं. गणेश मंडळाचा खजिनदार असाल तर ते हॉबीमध्ये टाकू नका, वर घ्या, कारण पावतीपुस्तकांचा हिशोब ठेवणं, मंडपवाला आणि साउंडवाल्याचे पैसे चुकते करणं, परवानग्यांसाठी पोलीस स्टेशनला खेपा घालणं आणि शेवटी सगळ्यांसमोर जमाखर्च मांडणं हे सोपं काम नाही, ज्याने केलंय त्याला विचारा. एनएसएसमध्ये दोन वर्षांत मिळून २४० तास आणि एक सात दिवसांचं शिबीर असतं, पण सीव्हीत येतं काय तर "एनएसएस व्हॉलंटियर", एवढंच. शिबीर कुठल्या गावात, तुमच्याकडे काय होतं, वनराई बंधारा बांधला की घरोघरी सर्व्हे केला की सत्तर जणांच्या जेवणाचं बघितलं, हे लिहा ना. कॉलेजच्या प्रोजेक्टचं पण तसंच, चार जणांचा ग्रुप असतो आणि चौघांच्या सीव्हीत अक्षरशः तीच ओळ असते. तुम्ही स्वतः त्यातलं काय केलं तेवढंच लिहा, भले नुसता डेटा गोळा केला असेल.

मुलींच्या बाबतीत हे जास्तच होतं असं मला दिसतं. आईच्या बचत गटाचं रजिस्टर हीच लिहिते, दर महिन्याला बँकेत जाऊन हप्ता भरून पासबुक भरून आणते, अंतर्गत कर्जाचं व्याज काढते, आणि सीव्हीत हॉबी काय तर मेंदी आणि कुकिंग. अगं, ते रजिस्टर लिही आधी!

आयटीआयवाल्यांनी ट्रेडचं नाव लिहून थांबू नये. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे तर सर्टिफिकेटवर आहेच. कुठल्या मशीनवर हात बसलाय, लेथ की मिलिंग की सीएनसी, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वापरता येतं का, ड्रॉइंग वाचता येतं का, अप्रेंटिसशिप कुठे, किती महिने आणि कुठल्या शॉपमध्ये म्हणजे कारखान्यातल्या कुठल्या विभागात, प्रॉडक्शन सुपरवायझर याच ओळी शोधत असतो आणि टक्क्यांकडे तो ढुंकूनही बघत नाही. आणि २०२४ ला सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ज्यांनी काम केलंय, बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधरांना १०,००० विद्यावेतन होतं ती, त्यांनी ते नक्की लिहावं. ग्रामपंचायत असो, तहसील असो की कंपनी, ऑफिसचं नाव, कालावधी आणि रोजचं काम लिहा. फक्त "प्रशिक्षणार्थी" लिहा, कर्मचारी लिहू नका.

स्पर्धा परीक्षेची वर्षं

हा एक वेगळाच विषय आहे आणि यावर कुणी नीट बोलत नाही. तीन-चार वर्षं एमपीएससी केली, पुण्यात राहून, अभ्यासिकेत बसून, झालं नाही, आता वय सव्वीस आणि पहिला सीव्ही करायचाय. अशी मुलं ती वर्षं सीव्हीतून गायबच करतात. २०२१ ला पदवी, त्यापुढे काही नाही. वाचणाऱ्याला वाटतं हा पोरगा नेमका होता कुठे? त्यापेक्षा सरळ लिहा: ऑगस्ट २०२१ ते मे २०२५, राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी. पूर्व परीक्षा पास झाला असाल तर वर्षासकट लिहा, ती काही छोटी गोष्ट नाही. त्या काळात अभ्यासिकेचं मॅनेजमेंट बघितलं, क्लासमध्ये पेपर तपासले, ज्युनिअर मुलांना शिकवलं असेल तर ते वेगळी नोंद म्हणून घ्या.

आमच्या मनात खरी शंका असते ती ही की हा सहा महिन्यांनी परीक्षेची जाहिरात निघाली की सोडून जाणार का. ती सीव्हीत खोडून काढता येत नाही, पण इंटरव्ह्यूला विचारणार हे धरून चला आणि जे खरं ठरवलंय ते सांगा. आणि एक, मित्राच्या फर्मचं खोटं एक्सपिरियन्स लेटर आणून गॅप भरू नका. पीएफची हिस्टरी बघितली की कुठे काम केलं आणि कुठे नाही ते बऱ्याचदा समजतं, आणि मग गॅप राहतो बाजूला आणि खोटं बोलला एवढंच लक्षात राहतं.

जाहिरात दोनदा वाचा

वहीतलं सगळं सीव्हीत घालायचं नसतं. जाहिरात समोर ठेवा, त्यात मागितलेल्या गोष्टींखाली रेघा मारा, आणि वहीतलं जे त्याच्याशी जुळतं ते वर. अकाउंट्स असिस्टंट हवाय, टॅली आणि जीएसटीची माहिती हवी असं लिहिलंय, तर बचत गटाचं रजिस्टर आणि दुकानातलं बिलिंग वर जाईल, रांगोळी स्पर्धेचं बक्षीस गेलंच नाही तरी चालेल. फील्ड सेल्सची जागा असेल तर मंडळासाठी वर्गणी गोळा केलेली वर येईल, आणि "स्वतःची टू-व्हीलर आहे, लायसन्स आहे" ही ओळ तर पहिल्या चार ओळींत हवी. लोकांना वाटतं एक सीव्ही केला की झालं. नाही होत. एक मोठा, सगळं असलेला, स्वतःजवळ ठेवा आणि प्रत्येक वेळी त्यातून कापून एक पानाचा करा, फ्रेशरला एक पान भरपूर झालं.

आता वरून खाली

नाव. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, त्यामुळे बरेच जण सीव्हीतही तसंच ठेवतात, आणि मग बाहेरच्या राज्यातला एचआर फोनवर "हॅलो, मिस्टर ज्ञानेश्वर?" म्हणतो, जे वडिलांचं नाव आहे. सीव्हीत स्वतःचं नाव, मग आडनाव. वडिलांचं मध्ये हवं असेल तर नुसतं आद्याक्षर.

मोबाईल नंबर एकच द्या, चालू असलेला. आणि ट्रूकॉलरवर तुमचं नाव काय दिसतंय ते एकदा दुसऱ्याच्या फोनवरून बघून घ्या, कारण मी फोन लावते तेव्हा स्क्रीनवर "पिंट्या भाऊ डीजे" येतं आणि सीव्हीत मात्र सभ्य नाव. ते बदलता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. मेल आयडी पण शाळेत असताना काढलेला, त्यात रॉयल, किंग, किलर असलं काही असेल तर नवीन काढा. आणि तो मेल रोज उघडा, निदान शोधत असाल तेवढे दिवस.

पत्ता म्हणून गाव, तालुका, जिल्हा पुरे. घर नंबर, गल्ली, मारुती मंदिराच्या मागे वगैरे नको. पण लातूरहून पुण्याच्या जागेला अर्ज करत असाल तर "पुण्यात राहण्याची सोय आहे, लगेच रुजू होऊ शकतो" असं लिहा. बाहेरगावचा पत्ता बघून सीव्ही बाजूला ठेवायची सवय असते काही जणांना, चुकीची आहे, पण असते.

धर्म, जात, उंची, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय, भाऊ-बहीण किती, हे सगळं लग्नाच्या बायोडेटातून इकडे आलेलं आहे, काढून टाका. सरकारी नोकरीच्या फॉर्ममध्ये यातलं जे लागतं ते तिथे वेगळं विचारतात. आधार आणि पॅन नंबर तर कुठल्याही परिस्थितीत नको, हा कागद किती जणांच्या व्हॉट्सॲपवर फिरतो त्याचा पत्ता नसतो. फोटो मागितला असेल तरच, आणि तोही साधा पासपोर्टसाईज, लग्नातल्या फोटोतून कापलेला नको, शेजारच्या वहिनींचा खांदा दिसतो त्यात.

ऑब्जेक्टिव्ह म्हणजे पत्रिकेतलं "आमचे येथे श्रीकृपेकरून", सगळ्यांच्यात असतं आणि कुणी वाचत नाही. त्याजागी दोन ओळीत तुम्ही कोण आणि काय शोधताय ते सांगा. उदाहरणार्थ, "बी.कॉम. २०२५, टॅलीप्राइमवर बिलिंग आणि स्टॉक एन्ट्री येते, तीन वर्षं दूध संकलन केंद्राचा हिशोब सांभाळला, नाशिक परिसरात स्टोअर किंवा अकाउंट्समध्ये सुरुवात करायची आहे." एवढं वाचून मला पुढचं वाचावंसं वाटतं.

शिक्षण उलट्या क्रमाने, शेवटचं आधी. रिझल्ट लागायचा असेल तर "निकाल प्रतीक्षेत" लिहा, एटीकेटी असेल तर विचारल्यावर खरं सांगा. सीजीपीए असेल तर जसा मार्कशीटवर आहे तसा लिहा. बरेच जण त्याला ९.५ ने गुणून टक्के काढतात, ते गणित सीबीएसईच्या जुन्या दहावीच्या सीजीपीएसाठी होतं, तुमच्या विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र वेगळं असू शकतं आणि मग कागदपत्रं तपासताना आकडे जुळत नाहीत. आणि २०२१ च्या दहावी-बारावीवाल्यांनो, परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला होता हे सगळ्यांना माहिती आहे, त्यावरून कुणी टोमणा मारला तर मनावर घेऊ नका, मार्क आहेत ते लिहा.

स्किल्स. इथे सगळ्यात जास्त थापा असतात. "एमएस ऑफिस, इंटरनेट, हार्डवर्किंग, टीम प्लेअर, क्विक लर्नर". हार्डवर्किंग हे तुम्ही म्हणून काय उपयोग. एमएससीआयटी झालीय तर लिहा, सरकारी नोकरीत लागते ती, पण एक्सेलमध्ये नेमकं काय येतं ते त्यापुढे लिहा: फिल्टर, सम-इफ, व्हीलुकअप, पिव्होट टेबल, जे येत असेल ते. "ॲडव्हान्स्ड एक्सेल" लिहिणाऱ्यासमोर आम्ही लॅपटॉप सरकवतो आणि दोन याद्या जुळवून दाखव म्हणतो, आणि तिथे भल्याभल्यांना घाम फुटतो. येत नसेल तर आठवडाभर बसून शिका, यूट्यूबवर मराठीतसुद्धा भरपूर आहे, आणि मग लिहा. टायपिंगची परीक्षा दिली असेल तर मराठी ३० की इंग्रजी ४०, ते शब्दांसकट. मराठी टायपिंग येणारी माणसं मिळत नाहीत, हे लक्षात घ्या, पतसंस्था, वकिलांची ऑफिसं, बिल्डरची ऑफिसं सगळ्यांना हवी असतात.

भाषा लिहिताना घरची बोली सोडू नका. मराठी, हिंदी, इंग्रजी तर सगळेच लिहितात. जत, गडहिंग्लजकडच्या मुलांना कानडी येते, सोलापुरात तेलुगू येते, नंदुरबारकडे गुजराती, आमच्या खानदेशातल्या पोरांना अहिराणी. मार्केटिंगला, मायक्रोफायनान्सला, ट्रॅक्टर-बियाण्यांच्या कंपन्यांना माणूस त्या भागात पाठवायचा असतो, तिथे ही एक ओळ तुम्हाला शंभर जणांतून वर काढते.

खालचं डिक्लरेशन, सही, ठिकाण, तारीख, प्रायव्हेट कंपनीत कुणी मागत नाही. ती जागा डेअरीच्या ओळीला द्या.

इंग्रजीचं काय

सीव्ही बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच लागतो आणि त्यामुळेच पोरं मित्राचं कॉपी करतात. यावर माझं सांगणं एकच, आधी मराठीत लिहा. वहीतली ओळ मराठीत पक्की झाली की तिचं साधं इंग्रजी करायला फार काही लागत नाही, ओळीची सुरुवात क्रियापदाने करायची, मेंटेन्ड, चेक्ड, प्रिपेअर्ड, हँडल्ड, आणि पुढे काय आणि किती. "मेंटेन्ड डेली मिल्क रेकॉर्ड्स ऑफ अराउंड १२० मेंबर्स." संपलं. "आय वॉज रिस्पॉन्सिबल फॉर" वगैरेची गरज नाही.

चॅटजीपीटीकडून करून घेता का? घ्या, मी काही नाही म्हणत नाही, स्पेलिंग आणि व्याकरण तपासायला ते चांगलंच आहे. पण त्याला "फ्रेशरचा सीव्ही लिहून दे" म्हणालात तर ते तुम्हाला "रिझल्ट-ड्रिव्हन प्रोफेशनल" करून टाकतं आणि हल्ली माझ्याकडे येणारे निम्मे सीव्ही तसलेच आहेत. तुमची वहीतली ओळ द्या आणि म्हणा, साध्या इंग्रजीत कर, नवीन काही घालू नको. मग आलेली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. जो शब्द तुम्हाला उच्चारता येत नाही किंवा ज्याचा अर्थ सांगता येत नाही तो काढा, कारण त्याच शब्दावर बोट ठेवून विचारणारा एकतरी साहेब प्रत्येक कंपनीत असतो.

जाहिरात मराठीत असेल, पतसंस्था, शाळा, ट्रस्टचं हॉस्पिटल, तर अर्ज मराठीतच करा, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर-कॉम्प्युटरवर नीट दिसेल अशा मराठीत, टाईप करून. आणि "स्वहस्ताक्षरात अर्ज" असं लिहिलेलं असेल तर खरंच हाताने लिहायचा, कोऱ्या फुलस्केपवर, समास सोडून.

फाईल आणि पाठवणं

गुगल डॉक्समध्ये करा, फुकट आहे, मोबाईलवर पण होतं. साधा फॉन्ट, ११ साईज, काळी अक्षरं, एक कॉलम. कॅनव्हावरचे दोन कॉलमचे रंगीत टेम्प्लेट, स्किल्सपुढे पाच चांदण्यांपैकी चार भरलेल्या, ते दिसायला झकास असतात पण जॉब पोर्टलची सिस्टिम कधीकधी त्यातलं डावीकडचं उजवीकडे करून वाचते. घरच्या घरी तपासायचं असेल तर पीडीएफमधला सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे सरळ वाचता आला तर ठीक, खिचडी झाली असेल तर पोर्टललाही बहुधा तीच दिसणार. प्रिंट काढून त्याचा मोबाईलने काढलेला फोटो पाठवू नका, त्यात पंख्याची सावली आणि टेबलक्लॉथची फुलं दिसतात, आणि मला त्यातला नंबर कॉपी करता येत नाही.

पीडीएफच पाठवा. फाईलला नाव द्या, तुमचं नाव-आडनाव आणि पद. माझ्या डाउनलोड्समध्ये नुसत्या "रेझ्युमे" नावाच्या किती फायली आहेत ते विचारू नका, आणि "न्यू सीव्ही फायनल फायनल २" पण आहेत.

मेल करताना सब्जेक्टमध्ये पदाचं नाव आणि तुमचं नाव. मेल रिकामा पाठवायचा नाही, चार ओळी लिहायच्या: जाहिरात कुठे बघितली, कुठल्या पदासाठी, तुमचं सगळ्यात जुळणारं काम कुठलं, कधीपासून येऊ शकता. एकाच मेलमध्ये चाळीस कंपन्यांचे पत्ते टाकू नका, आम्हाला दिसतात सगळे. व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितलं असेल तर आधी दोन ओळींचा मेसेज, मग फाईल. नुसती फाईल टाकून खाली "प्लीज चेक" नको, आणि रात्री साडेअकराला तर नकोच.

पाठवायच्या आधी घरातल्या किंवा ओळखीच्या कुणाला तरी, ज्याला तुमचं शिक्षण नीट माहीत नाही अशा कुणालातरी, अर्धा मिनिट वाचायला द्या आणि कागद परत घ्या. मग विचारा, मला काय येतं? त्यांना सांगता आलं नाही तर वरचा अर्धा भाग परत लिहायचा.

एक सावधगिरी

सीव्ही पोर्टलवर टाकला की काही दिवसांत फोन यायला लागतात आणि त्यातले काही चोरांचे असतात. "तुमचं सिलेक्शन झालंय, फक्त रजिस्ट्रेशनचे, युनिफॉर्मचे, लॅपटॉप डिपॉझिटचे पैसे भरा." इंटरव्ह्यू न घेता सिलेक्शन करून वर पैसे मागणारी खरी कंपनी नसते. ओटीपी, आधारचा फोटो, बँक पासबुक हे ऑफर लेटर हातात आल्याशिवाय आणि ऑफिस प्रत्यक्ष बघितल्याशिवाय द्यायचं नाही, आणि ओटीपी तर तेव्हाही नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर कराल तितकी पैसे वाटेत अडवले जायची शक्यता जास्त. घरी बोलणी बसतील म्हणून दोन दिवस गप्प बसू नका.

आणि वहीच्या मागच्या पानावर एक यादी ठेवा: कुठे पाठवला, कुठल्या पदाला, कोणत्या तारखेला, आणि त्यासाठी कापलेला सीव्ही कोणता. कारण फोन पंधरा दिवसांनी, तुम्ही एसटीत उभे असताना येतो, आणि पलीकडून विचारतात, "तुम्ही कुठल्या पोस्टसाठी अप्लाय केलं होतं?" आठवत नसेल तर "मॅडम, प्रवासात आहे, पाच मिनिटांत परत करतो" म्हणा, यादी बघा, आणि पाच मिनिटांत खरंच परत करा.